यंदाच्या झाडणात सोने नाही

३ सप्टेंबर, बुधवार

आज आमच्या गाळ्याचे मालक सामंत यांनी नवे कारण सांगितले. आधी निर्यातीची ऑर्डर अडकली होती, मग बँकेने हात आखडता घेतला, मग मेहुण्याचे हृदय. आजचे कारण सोन्याचा भाव. भाव चढला की मुलामा चढवणाऱ्यांचा पगार थांबतो, हे अर्थशास्त्र माझ्या वाचनात आलेले नाही. तसे म्हणालेही. ते हसले. "डॉक्टर, तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार?" आणि चहा मागवला. मी प्यायले. प्यायला नको होता.

जूनपासून पगार नाही. यापुढे या वहीत त्यांचा उल्लेख 'सा.' एवढाच. पूर्ण नावाइतकी शाई त्यांच्यावर खर्च करायची नाही.

टाकीतल्या सोन्याच्या द्रावणाची तपासणी केली. उत्कृष्ट. कानातल्यांवरचा थर एकसारखा, कडेला काळपट छटा नाही. भाईंदर पूर्वेच्या या गल्लीत दर दोन गाळ्यांआड खोट्या दागिन्यांवर सोन्याचे पाणी चढते, पण असे द्रावण दुसऱ्या कोणाकडे नाही. मी आले तेव्हा टाकीतून काढलेला माल ठिबकत ठिबकत धुण्याच्या बादलीकडे नेत असत. सोने अक्षरशः फरशीवर. फेब्रुवारीत ते सर्व बंद करवले. आता माल टाकीवरच निथळतो, खाली तबक असते, पहिल्या धुण्याचे पाणी पुन्हा द्रावणात जाते. थेंब वाया जात नाही. सा.नी तेव्हा पेढे वाटले होते.

७ सप्टेंबर, रविवार

परभणीहून मीनाचा फोन. धाकटी बहीण, पण हल्ली थोरलीच्या आवाजात बोलते. पतसंस्थेचा हप्ता पुन्हा फिरला. पगाराच्या खात्यातून तो दरमहा आपोआप वळता व्हावा, असे मीच लिहून दिले आहे. खाते रिकामे असताना वळते काय होणार? वर दंड.

आईच्या डायलिसिससाठी काढलेले कर्ज. आई गेली, कर्ज राहिले. जामीनदार मीनाचे यजमान, अनंतराव. खताच्या दुकानात बसून साऱ्या गावाला सल्ले देणारा माणूस. त्यांच्या सहीखाली माझी सही यावी हे मला रुचले नव्हते. परंतु तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला जामीन राहायला दुसरे कोण पुढे येणार? अर्धे आयुष्य तासांच्या हिशेबावर काढले. मानधन वर्षाकाठी, तेही संस्थेच्या मर्जीने. कायम जागेसाठी आतल्या खोलीत जो आकडा सांगण्यात आला, तो पूर्ण ऐकून न घेता मी उठले. त्याचा पश्चात्ताप आजही नाही. म्हणून जानेवारीत इथे आले. विद्युत्-रसायनशास्त्रातली पीएच.डी., आणि हाताखाली झुमके.

मीनाला पगाराचे सांगितलेले नाही. म्हणाले, बँकेचा तांत्रिक घोळ आहे.

"ताई, इतके महिने तांत्रिक?"

पावसाची चौकशी केली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

इक्बाल हा गाळ्यातला मुख्य कारागीर, बंगालमधल्या मालद्याचा. टाकीवर तोच उभा असतो. संध्याकाळी काम उरकले की फरशी स्वतः झाडतो आणि धूळ पोत्यात भरून तोंड बांधतो. इतक्या निगुतीने तो दुसरे काहीही करत नाही. आज विचारले.

"दिवाली का झाडण है, मॅडम."

पुढचे वंदनाताईंनी सांगितले. त्या जवळच्या मुर्धा गावच्या, तांब्याच्या तारेत कानातली ओवून देणाऱ्या बायकांच्या म्होरक्या. फरशीची धूळ, पुसण्याच्या चिंध्या, धुण्याच्या बादलीतला गाळ, हे सगळे वर्षभर साठवायचे. दिवाळीच्या आधी झारेकरी येतो, त्यातले सोने अजमावतो, रोख पैसे देतो. ते कामगारांनी वाटून घ्यायचे.

"शेट त्याला हात न्हाय लावत. पयल्यापासूनचा रिवाज हाय. गेल्या दिवालीला माझ्या घरातला फ्रीज झाडणातून आला, म्याडम. आवंदा पगार बुडाला तरी झाडण हाय."

मला रिवाज ठाऊक नव्हता. गेल्या दिवाळीत मी इथे नव्हते. तिथेच मनात हिशेब झाला, आणि तो करायला रसायनशास्त्राचीही गरज नव्हती. जे फेब्रुवारीपासून फरशीवर सांडलेच नाही ते पोत्यात कसे असेल?

बोलले नाही. अंदाज म्हणजे चाचणी नव्हे. चाचणीवाचून विधान करणे मला मान्य नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

अनंतरावांचा फोन. कधी नव्हे तो थेट मला.

"ताई, पतसंस्थेचा माणूस रोज येऊन बसायलाय दुकानात. काही बोलत नाही. पेपर वाचतो, चहा पितो. गिऱ्हाईक विचारायलंय, पाव्हणे कुठले म्हणून."

मी म्हणाले, महिनाअखेर सर्व व्यवस्थित होईल.

"नाही, मी काय म्हणतो, एखादा हप्ता मी भरू का? मागाहून द्या तुम्ही."

"आवश्यकता नाही."

"बरं. रागावू नका. पण एक सांगू का, परत या. बारावीचे क्लास काढा. तुमच्यासारखी मॅडम आख्ख्या जिल्ह्यात नाही. तिथं काय त्या बांगड्या रंगवायल्यात."

रंगवायल्यात! फोन ठेवल्यावर बराच वेळ या एका शब्दावर जळत राहिले. तेवढाच वेळ त्या पेपर वाचणाऱ्या माणसाचा विसर पडला.

२१ सप्टेंबर, रविवार

सिल्व्हर पार्कला शिकवणी मिळण्याची शक्यता होती. नववीतली मुलगी, विज्ञान. शुभ्र सोफ्यावर बसवून मुलीच्या आईने माझी मुलाखत घेतली. इतक्या पदव्या पाहून बाईंना संशय आला.

"इतना पढ़ के आप ट्यूशन क्यों ले रही हो? नौकरी नहीं मिली?"

"नोकरी आहे," मी म्हणाले. असत्य नव्हे. पूर्ण सत्यही नव्हे.

मुलीची वही चाळली. आधीच्या शिक्षकाने लिहून दिलेली उत्तरे ढोबळ होती, दोन सरळ चुकीची. मी त्या चुका दाखवल्या. बाई म्हणाल्या, उस में तो फुल मार्क्स आये हैं. मी म्हणाले, गुण मिळाल्याने उत्तर बरोबर ठरत नाही. वही मिटली गेली. कळवू म्हणाल्या. कळवणार नाहीत.

पेणकरपाड्यापर्यंत चालत आले. खोलीचे भाडे थकले आहे. घरमालकीण दारातच उभी होती, पण काही न बोलता तिने ओट्यावरची माझी वाळत घातलेली साडी घडी करून हातात दिली. हे कसले वागणे म्हणायचे? तगादा लावला असता तर उत्तर तयार होते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दोन दिवस दुपारी डबा नाही. गाळ्यात सांगितले, उपवास, नवरात्र. वंदनाताईंनी राजगिऱ्याचे लाडू आणून पुढे ठेवले. आता खरोखर उपवासाचे पदार्थ खावे लागत आहेत.

द्रावण उत्तम. ते तेवढे तरी उत्तम.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सा. आले, झब्ब्यात. मुलाम्यासाठी वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायरला झेंडूची माळ, टाकीला हळदकुंकू. पगाराचा शब्द नाही. मग आपट्याची पाने काढून प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवत निघाले. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

वंदनाताईंनी पान उलटेसुलटे करून पाहिले.

"शेट, याचा आज भाव काय चाललाय?"

बायका फस्सकन हसल्या. सा.सुद्धा हसले. "वंदनाताई, तुमची जीभ म्हणजे ना!"

"जीभ चालते म्हनून तर पोट गप हाय."

या वेळी त्यांना हसता आले नाही. मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही तरी समजवा यांना. तुम्ही सुशिक्षित आहात." आणि मी, हे आज लिहिणे भाग आहे, क्षणभर सुखावले. चार महिन्यांचा पगार बुडवलेल्या माणसाने मला इतरांपासून वेगळे काढले आणि मला ते बरे वाटले.

४ ऑक्टोबर, शनिवार

इक्बालने काम बंद करायचे ठरवले होते. सगळे तयार होते. मी अडवले.

द्रावण सोडून देता येत नाही. रोज तापमान, आम्लता, गाळणी पाहावी लागते. दुर्लक्ष झाले की ते बिघडते, आणि बिघडलेले सावरायला पुन्हा तितकेच सोने लागते. हे मी समजावून सांगितले. मुद्देसूद सांगितले.

"पानी मेलं तर मेलं," वंदनाताई म्हणाल्या. "आमी जिती हाव ना अजून?"

शेवटी ठरले ते माझ्या युक्तिवादामुळे नव्हे. मंगळवारी झारेकरी यायचा आहे. झाडणाचे पैसे हातात पडेपर्यंत शेटशी वाकडे घ्यायचे नाही, मग बघू, असे इक्बाल म्हणाला. सर्वांनी माना डोलावल्या. पोत्यांकडे पाहत डोलावल्या.

आताही बोलता आले असते. तोंड उघडलेही. एका बाईने विचारले, "काय म्याडम?" म्हणाले, पंखा बंद करा, धूळ उडते आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

झारेकरी आला. वयस्क, ठाण्याचा, बोटे करपलेली. प्रत्येक पोत्यातून मूठ मूठ काढली, बाहेर पॅसेजमध्ये मुशीत तापवली, पारखली. बायका तारा खाली ठेवून त्याच्याभोवती उकिडव्या बसल्या होत्या. कोणाच्या तरी मोबाइलवर टीव्हीचे दर निघाले होते, चेष्टा चालली होती.

त्याने दुसऱ्यांदा मूठ काढली. पुन्हा तापवली.

"यंदाच्या झाडणात काय नाय हो. जुन्या एखाद्या पोत्यात जराशी चमक, बाकी माती आहे. न्यायचा टेम्पोसुद्धा सुटणार नाय."

"असं कसं? वर्साचं हाय."

"वर्षाचं असेल. माझ्या आधी कोणीतरी उपसलंय."

सगळ्या माना इक्बालकडे वळल्या. कोणी आरोप केला नाही, केवळ पाहिले. पोत्यांना गाठी तोच मारत असे. त्याने एकदा पोत्यांकडे पाहिले, एकदा हातांकडे. मग "अल्ला कसम" म्हणायला सुरुवात केली आणि वाक्य अर्ध्यावर सोडून दिले.

तेव्हा बोलावे लागले. "कोणी काढलेले नाही. फेब्रुवारीपासून सोने सांडलेच नाही. निथळून परत टाकीत गेले. मी घालायला लावले."

झारेकरी मला न्याहाळू लागला. "बाई कोन?"

"आमच्या डॉक्टर हायेत," वंदनाताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता: "म्हंजी आमची दिवाली तुमी शेटच्या टाकीत ओतलीत."

"शास्त्राने पाहिले तर ते सोने त्यांच्याच मालकीचे होते."

"हां. आनि पगार कुनाच्या मालकीचा व्हता?"

इक्बाल पोती पुन्हा बांधत होता. ती आता बांधण्याचे कारण नव्हते. म्हणाला, "मैंने बोला था मॅडम, फेब्रुवारी में. थोड़ा गिरने दो."

बोलला होता. मी ते आळशीपण समजले. सा.ना सांगितलेही होते, तुमचा कारागीर कामचुकार आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

माझ्याशी कोणी बोलले नाही. चहा मात्र नेहमीप्रमाणे माझ्यापुढेही आला.

रीतीने पाहता मी चुकलेले नाही. कोणत्याही पाठ्यपुस्तकात हेच सांगितले आहे. परंतु कोणत्याही पाठ्यपुस्तकात वंदनाताईंचा फ्रीज...

९ ऑक्टोबर, गुरुवार

सा.नी मीरा रोडला एका उडुप्याकडे बोलावले. गाळ्यात नको म्हणाले, तेव्हाच ओळखायला हवे होते.

गाळा या महिन्यात सोडणार आहेत. रेक्टिफायर विकला. वसईचा एक व्यापारी द्रावण जसेच्या तसे उचलायला तयार आहे, पण एका अटीवर: माझा तपासणी अहवाल हवा, सहीनिशी. "तो म्हणतो, डॉक्टर मॅडमनी लिहून दिलं तर डोळे मिटून घेतो. बघा तुमची किंमत!" सोमवारी सकाळी माणसे कॅन घेऊन येतील.

"आणि बाकीच्यांचे?"

"त्यांचं होईल हो. इक्बालनं माझ्याकडून किती उचल घेतलीय, ती तो सांगत नाही तुम्हाला. बायका तर पीसवर आहेत. तुमचं मी सगळं क्लिअर करतो, आधी."

विचार करून सांगते म्हणाले. इडली मागवली होती; उपाशी असूनही खाल्ली नाही. एवढेच काय ते जमले.

गाळ्यात आले आणि इक्बाल व वंदनाताईंना सर्व सांगितले. अहवालाची अट, सोमवार, सगळे. मला वाटले होते, आता तरी शब्द ऐकावे लागतील. वंदनाताई तारेवरची कानातली सरकवत राहिल्या. मग त्यांच्या सासऱ्यांची गोष्ट निघाली. सासरे मिठागरात होते. मजुरी थकली की मजूर भांडत नसत. मिठाच्या राशीवर जाऊन बसत. बायका, पोरे, भाकरतुकडा घेऊन. रास जागची हलली की पैसे गेले, म्हणून रास हलू द्यायची नाही.

"तर मंग सोमवारी टाकीशी बसायचं," त्या म्हणाल्या. "आनि तुमचा कागद न्हाय तर तो वसईवाला कॅन घेऊन आला तसा जाईल. हाय का न्हाय?"

"आहे," मी म्हणाले.

"मग बस. तुमी फकस्त लिहू नका."

इक्बालने माझ्याकडे पाहिले. मंगळवारनंतर प्रथमच. मी शब्द दिला. आजवर दिलेला शब्द मोडलेला नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी फोन वाजला. खात्यात रक्कम जमा. सबंध थकबाकी, पैसुद्धा कमी नाही. पाठोपाठ सा.चा संदेश: "डॉक्टर, तुमचा विषय संपला. सोमवारी रिपोर्ट."

मी मागितली नव्हती. होकार दिला नव्हता. परत पाठवायची, तात्काळ, असे ठरवून गाळ्याबाहेर पॅसेजमध्ये आले. तेवढ्यात दुसरा संदेश आला. त्यामागे तिसरा. पतसंस्थेने थकलेले हप्ते दंडासह वळते करून घेतले होते. मीच लिहून दिलेल्या आदेशानुसार. बिनचूक.

उरले ते भाड्याला पुरेल न पुरेल.

परत करायचे म्हटले तरी आता माझ्याजवळ नाही. ठेवून घ्यायचे म्हटले तर तेही माझ्याजवळ नाही.

सायंकाळी मीना रडत होती, आनंदाने. तिच्या बोलण्यात कळले की गेले दोन हप्ते अनंतरावांनी गुपचूप भरले होते. ते नसते तर जप्तीची नोटीस आली असती. "तुला सांगू नको म्हणाले. ताईला लागेल म्हणाले."

लागले.

११ ऑक्टोबर, शनिवार

लपवता आले असते. कोणाला कळले नसते. सकाळीच इक्बालने विचारले, सहज, बादली विसळता विसळता:

"मॅडम, आपका आ गया क्या?"

सा.नी मला काही पाठवले आहे का हे चाचपण्यासाठी विचारले, की कळून विचारले, ठाऊक नाही. मी म्हणाले, "आले. मागितले नव्हते. कर्जात गेले."

एकीने हातातली तार खाली टाकली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. दुसरी म्हणाली, "शिकलेल्यांचं आदी व्हतं." इक्बाल हसला. रागावला असता तर बरे झाले असते. "अच्छा हुआ मॅडम. पढ़ाई काम आयी."

मी सगळा घटनाक्रम क्रमवार सांगू लागले: आदेश, हप्ते, वेळ. माझ्याच कानांना ते निबंधासारखे वाटले. थांबले.

वंदनाताई म्हणाल्या, "गप रे इक्बाल. एकीचं तरी सुटलं." मग, माझ्याकडे न पाहता, "घरी कुनी आजारी व्हतं का?"

"आई. गेली."

"हं."

निघताना इक्बाल दारात आडवा आला. आवाज साधा होता. "सोमवार को आप किस तरफ़ बैठोगे, ये बता दो बस. हम लोग उस हिसाब से आयेंगे."

मी म्हणाले, शब्द दिला आहे. तो म्हणाला, "वो तो पैसा आने के पहले दिया था."

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळपासून टेबलाशी.

अहवाल लिहिला, तर तो उत्तमच असणार. द्रावण उत्तम आहे. ते सोमवारी वसईला जाईल आणि गाळ्यातल्या माणसांचा पगार त्याबरोबर जाईल. बिघडले आहे असे खोटे लिहिले, तर व्यापारी परत जाईल, सा.च्या हाती दमडी येणार नाही आणि टाकीशी बसणाऱ्यांच्याही नाही. शिवाय माझ्या सहीखाली आजवर खोटा आकडा गेलेला नाही. काहीच लिहिले नाही, तर ज्याचे पैसे घेतले त्याचे काम केले नाही असे होईल. सा. तेच म्हणतील, आणि त्यांच्या अनेक विधानांपैकी ते एक खरे असेल. पुढचा हप्ता नोव्हेंबरच्या पाच तारखेला. नोकरी नाही. पेपर वाचणारा माणूस पुन्हा अनंतरावांच्या दुकानात येऊन बसेल.

अनंतराव दुपारी बोलले. "आज दुकानात एकटाच बसलो, ताई. लई बरं वाटलं. दिवाळीला या. क्लासचं मी काही बोलणार नाही." मी म्हणाले, तुम्ही भरलेले हप्ते मी फेडीन. ते म्हणाले, "फेडा की. घाई कुणाला आहे?" आभार मानायचे होते. योग्य शब्द सुचेपर्यंत त्यांनी फोन मीनाकडे दिला.

जेसल पार्कला खाडीवर जाऊन आले. ओहोटी होती, नुसता चिखल. लोक बाकांवर बसून भेळ खात होते. पलीकडून मिठागराचा वारा आला की काय, ओठ खारट झाले. राशीवर बसलेल्या बायका डोळ्यांपुढे आणून पाहिल्या. त्यांच्यात मी कुठे बसले असते, ते काही केल्या दिसेना.

परत आले तेव्हा सा.चे दोन संदेश. "डॉक्टर, रिपोर्ट आज पाठवलात तर बरं." आणि मग, "मी तुमच्यावर विश्वास ठेवला."

त्याखाली वंदनाताईंचा आवाज, व्हॉट्सअ‍ॅपवर. पाठीमागे कुकरची शिटी, कोणीतरी खोकते आहे.

"म्याडम, उद्या सकालपास्ना बसायचं हाय, उशीर लागंल. मी भाकऱ्या आनि सुकट घेते सगल्यांची. तुमी सुकट खात न्हाय, मना ठाव हाय. तुमच्यासाठी येगली भाजी करू काय? पाचला उठते मी. तवर सांगा."

दोनदा ऐकले. पुढे अहवालाचा कागद आहे; वर दिनांक घातला आहे, खाली काही नाही. शेजारी फोन. अजून कळवलेले नाही.